पंचगंगेच्या काठी भरणारा वर्ग : महाविद्यालयात शाश्वत विकास शिकवायचा कसा

‘रंकाळ्याचे प्रदूषण : कारणे व उपाय’ या नावाची प्रकल्पवही कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटात सापडेल. रंगीत मुखपृष्ठ, जलपर्णीचा एक फोटो, आठ-दहा पानं मजकूर आणि शेवटी ‘जनजागृती करणे’ हा उपाय. त्या वहीत विद्यार्थ्याने स्वतः मोजलेला एकही आकडा नसतो आणि रंकाळा तलावाच्या काठावर राहणाऱ्या एकाही माणसाचं म्हणणं नसतं. विद्यार्थी पास होतो, पण त्याच्या घराशेजारचा नाला कुठे जाऊन मिळतो हे त्याला तेव्हाही ठाऊक नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरणशिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये न्यायालयाने तो पुन्हा बजावला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी केलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात ५० तासिका होत्या, त्यांपैकी ५ क्षेत्रभेटीच्या, आणि १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष कामासाठी ठेवलेले होते. नव्या शैक्षणिक धोरणात हाच विषय श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) चौकटीत आला आहे. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. या चौकटीत शाश्वत विकास शिकवायला भरपूर जागा आहे. ती वापरायची कशी, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

पद्धतीचा गाभा साधा आहे. एकच स्थानिक प्रश्न घ्यायचा, त्यातलं काहीतरी स्वतः मोजायचं, ज्याला झळ बसते आणि ज्याचा फायदा होतो अशा दोघांनाही विचारायचं, आणि मग हिशेब मांडून काय करावं ते ठरवायचं. मोजमाप, माणूस आणि निर्णय या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नावर झाल्या पाहिजेत. नाहीतर मोजमाप रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं, मुलाखत समाजशास्त्राची होते आणि निर्णय वक्तृत्वस्पर्धेत जातो.

प्रश्न निवडणं

निम्मं यश इथेच ठरतं. प्रश्न चार कसोट्यांवर घासून घ्यावा. मुख्य ठिकाण महाविद्यालयापासून दुचाकीने अर्ध्या तासात गाठता यावं. मोजण्यासारखं काहीतरी असावं. किमान दोन बाजू असाव्यात आणि दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य असावं. शेवटची कसोटी सगळ्यांत जास्त वेळा विसरली जाते : निर्णय घेणारी व्यक्ती किंवा संस्था ओळखता यावी, मग ते प्राचार्य असोत, ग्रामपंचायत असो, सहकारी पाणीपुरवठा संस्था असो की महापालिका.

‘इचलकरंजीतल्या प्रोसेस (कापड रंगवण्याचे कारखाने) बंद कराव्यात का?’ हा प्रश्न वर्गाच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो घेतला की मुलं वर्तमानपत्रातले मथळे जोडतात. त्याऐवजी ‘आपल्या गावच्या ओढ्यातून रोज किती सांडपाणी नदीत जातं, आणि ते शेताकडे वळवलं तर कुणाचा फायदा, कुणाला धोका?’ असा प्रश्न घ्यावा. यात ओढा मोजता येतो, शेतकरी भेटतो आणि सरपंचांना पत्र देता येतं. असेच आणखी काही : वर्गांतले पंखे बदलायचा खर्च किती वर्षांत फिटतो? उसाचं पाचट (वाळकी पानं) जाळण्याऐवजी सरीत ठेवायला एकरी काय पडतं? विसर्जनासाठी वापरलेल्या खणीतल्या मूर्तींचं आणि गाळाचं पुढे काय होतं? २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेखाली आज किती घरं, दुकानं आणि दवाखाने आहेत?

सत्राची आखणी

नदी आणि शेतीचे प्रश्न डिसेंबर ते एप्रिलच्या सत्रात घ्यावेत. तेव्हा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, पाणी अडलेलं असतं आणि प्रदूषणाचा परिणाम उघड दिसतो. गळीत हंगाम सुरू असल्यामुळे ऊसतोड, कारखाने आणि गुऱ्हाळं पाहता येतात. जून ते नोव्हेंबरच्या सत्रात कचरा, वीज, पाऊस, विसर्जन आणि पूर हे विषय चांगले बसतात. पावसाळ्यात नदीवर नमुने घ्यायला मुलांना अजिबात नेऊ नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण घाट निसरडे व्हायला पाणी तिथवर चढावं लागत नाही.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-पाच जणांचे बारा गट करावेत. नोंद ठेवणारा, मोजणारा, नकाशा आणि फोटो सांभाळणारा, लोकांशी बोलणारा आणि हिशेब करणारा अशी पाच कामं असतात. दर दोन आठवड्यांनी ती फिरवावीत. गटात सहावा माणूस आला की एक जण नुसता उभा राहतो, हे हमखास घडतं.

पंधरा आठवड्यांची विभागणी साधारण अशी :

- पहिला आठवडा : प्रश्नाची निवड, ठिकाणाची पाहणी, हाताने काढलेला नकाशा
- दुसरा ते चौथा : महाविद्यालयाच्या आवारात मोजणीचा सराव
- पाचवा ते आठवा : नदी, ओढा किंवा शेत यांवरची मोजमापं, किमान तीन फेऱ्या
- नववा आणि दहावा : मुलाखती
- अकरावा आणि बारावा : हिशेब
- तेरावा : सुनावणी
- चौदावा आणि पंधरावा : पत्र, तोंडी परीक्षा, नोंदी पुढच्या तुकडीकडे देणं

आधी आवारात हात बसवणं

सरळ नदीवर गेलं की पहिल्याच दिवशी नोंदी फसतात. म्हणून आधी कचरा आणि वीज.

कचऱ्याची मोजणी सलग सात दिवस करावी. एकाच दिवसाचा आकडा धरून वर्षाचा अंदाज काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. शनिवारचा कचरा आणि गॅदरिंगच्या दिवसाचा कचरा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. वर्ग, कॅन्टीन, वसतिगृह, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृह यांच्या पिशव्यांना वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधावी. ताणकाट्यावर वजन करून लगेच लिहावं. ढीग मोठा असेल तर चौथाई पद्धत वापरावी : प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृहाच्या पिशव्या सोडून बाकी सगळं ताडपत्रीवर ओतून फावड्याने मिसळायचं, गोल ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेलं पुन्हा मिसळायचं. सुमारे दहा-बारा किलो उरलं की हातमोजे घालून ओला आणि सुका असं वेगळं करायचं. प्रयोगशाळेतली काच, रसायनं आणि सॅनिटरी कचरा विद्यार्थ्यांनी हाताने निवडू नये. त्या पिशव्यांचं फक्त वजन घ्यावं. सफाई कामगारांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. कोणत्या मजल्यावरून काय निघतं, ते त्यांना तपशिलाने माहीत असतं.

ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं तर बिघाड बहुधा दोनच प्रकारचे होतात. वास येतो आणि पाणी सुटतं, कारण नुसता कॅन्टीनचा ओला कचरा टाकलेला असतो. त्यात वाळका पाला किंवा उसाचं पाचट मिसळावं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण वजनाने २५ ते ३० ला १ असायला हवं. पाला किती घ्यायचा ते तो किती वाळला आहे यावर ठरतं, पण ओल्याच्या दुप्पट आकारमानाने सुरुवात केली तर फारशी चूक होत नाही. दुसरा बिघाड उलटा : ढीग कोरडा पडतो आणि आठ दिवसांनीही गार असतो. मूठभर घेऊन पिळलं की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, आणि मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर कमी.

विजेचा हिशेब छोटा ठेवावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३०. रोज ६ तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात. तीनशे पंख्यांमागे १६,२०० युनिट. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ही बचत ११ टनांच्या वर जाते. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग खूश होतो, आणि शिक्षकाने इथेच थांबवून विचारावं : ६ तास खरंच चालतात का? तीनशे पंख्यांपैकी किती पंखे भांडारगृहात आणि जिन्यात आहेत? एका आठवड्याच्या प्रत्यक्ष नोंदी घेतल्या की आकडा खाली येतो. तो खाली येताना पाहणं हा या आठवड्याचा खरा धडा आहे.

नदीवर

कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून खाली शहर, मग औद्योगिक पट्टा, इचलकरंजीचा परिसर, शिरोळ तालुका आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेशी संगम. एवढ्या कमी अंतरात नदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळणं हे इथल्या शिक्षकांचं भाग्यच. किमान तीन ठिकाणं निवडावीत : शहराच्या वर प्रयाग चिखलीजवळ, शहरातला जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या खाली, आणि आणखी खाली तेरवाड किंवा शिरोळजवळ. वरचं ठिकाण नसेल तर खालच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण तुलना कशाशी करायची?

सुरुवातीला चार गोष्टी पुरेत : तापमान, सामू (पीएच), पारदर्शकता आणि विरघळलेला ऑक्सिजन. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली पत्र्याची चकती पुरते. खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. सावलीच्या बाजूने सोडावी, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली यांची सरासरी घ्यावी.

विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत शिकवावी. विजेवर चालणारा मीटर असला तरी एकदा तरी हाताने करावीच, कारण पाण्यातला प्राणवायू डोळ्यांना दिसण्याची ही एकच जागा आहे. ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली (अशा चाचण्यांसाठीची, घट्ट बुचाची) पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरायची. बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा फुगतो. पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं. बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट करायचं. आता बाटलीकडे सगळ्यांनी पाहावं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर दाट तपकिरी गाळ तयार होऊन सावकाश खाली बसू लागतो. गाळ पांढराच राहिला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. चिखलीची तपकिरी बाटली आणि नाल्याच्या तोंडाची फिकट बाटली शेजारी ठेवली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

गाळ निम्म्यावर बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. हे काम शिक्षकाने किंवा प्रयोगशाळा सहायकानेच करावं, चष्मा आणि हातमोजे घालून. गाळ विरघळून पाणी पिवळं होतं. बाटल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत न्याव्यात. तिथे २०३ मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे ते द्रावण थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजायचं. २०३ का? पहिली दोन द्रावणं घालताना ४ मिलिलिटर नमुना बाहेर सांडला, त्याची भरपाई म्हणून. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घालायचं, निळा रंग पहिल्यांदा गेला की थांबायचं. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन.

आकडे हास्यास्पद आले तर बहुधा थायोसल्फेट जुनं झालेलं असतं. ते हळूहळू विघटित होतं आणि मग ऑक्सिजन उगाच जास्त दिसतो. दर आठवड्याला पोटॅशियम डायक्रोमेटने त्याची तपासणी करावी. स्टार्च सुरुवातीलाच घातलं तर निळा रंग सुटता सुटत नाही, तीही नेहमीची चूक.

आता आकडा वाचायचा कसा? समुद्रसपाटीला २५ अंश तापमानात पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे पावणेआठच्या आसपास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार आंघोळीच्या पाण्यात किमान ५ आणि माशांसाठी किमान ४ हवा. पण रंकाळ्यावर दुपारी तीनला नमुना घेतला आणि ११ आला, तर तलाव स्वच्छ आहे असं समजू नये. पाणी शेवाळाने हिरवं झालेलं असतं, आणि ऊन असेतोवर तेच शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. त्याच ठिकाणी सूर्योदयापूर्वी मोजलं तर तळ गाठलेला आकडा मिळतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. मासे मरतात ते अशाच पहाटे, जेव्हा साचलेल्या पाण्यात मैल्याचा भार वाढलेला असतो. म्हणून तीन फेऱ्यांपैकी एक पहाटेची ठेवावी, पालकांना आधी कळवून आणि काठावर दोन शिक्षक उभे करून.

दुसरी फसगत बंधाऱ्याची. बरग्यांवरून पाणी कोसळतं तिथे हवा मिसळते, त्यामुळे बंधाऱ्याच्या लगेच खाली घेतलेला नमुना नदीला उगाच उत्तम गुण देतो. नमुना बंधाऱ्याच्या वर, काठापासून शक्य तितका आत आणि पृष्ठभागाखाली हातभर खोलीवर घ्यावा. तिसरी गोष्ट धरणातलं आवर्तन : पाणी सोडलं की दोन-तीन दिवस सगळे आकडे सुधारतात. पाटबंधारे खात्याच्या तारखा नोंदवहीत लिहिल्याच पाहिजेत.

रसायनं नसलेल्या कला-वाणिज्य महाविद्यालयांनी मागे राहायचं कारण नाही. काठाचे दगड उचलून खालचे किडे पाहावेत. मेफ्लाय या किड्याची पिल्लं सापडली तर पाण्यात ऑक्सिजन बरा आहे. नुसत्या लालभडक सुतासारख्या अळ्या असतील तर पाणी बिघडलेलं आहे. दगड परत तसाच ठेवावा.

ओढ्याचा प्रवाह मोजायला संत्रं, टेप आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. संत्रं बहुतेक बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. समजा, ओढा २ मीटर रुंद, सरासरी ३० सेंटिमीटर खोल आणि संत्र्याने १० मीटर अंतर २५ सेकंदांत कापलं. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी मंद असतं म्हणून ०.८ ने गुणायचं, ०.३२. मग २ × ०.३ × ०.३२ म्हणजे सेकंदाला १९२ लिटर. दिवसाला १.६६ कोटी लिटर होतात, असं मुलं पटकन सांगतात. पण सकाळी आठला मोजलेला सांडपाण्याचा प्रवाह हा दिवसातला मोठ्यातला मोठा असतो. पहाटे पाच, सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा चार वेळा मोजल्याशिवाय दिवसाचा आकडा लिहू देऊ नये.

शेतात आणि गुऱ्हाळावर

नदीवरून आलेली मुलं शेतकऱ्याला आणि कारखान्याला गुन्हेगार ठरवून मोकळी होतात. म्हणून लगेच पुढचा टप्पा घ्यावा.

मुलाखतीत मत विचारू नये, काम विचारावं. ‘तुम्ही पाणी जास्त वापरता का?’ याला उत्तर मिळत नाही, मिळालं तरी खरं नसतं. ‘काका, मागच्या लागणीला किती पाळ्या दिल्या? एका पाळीला मोटर किती तास चालते? वीज दिवसा असते की रात्री?’ असं विचारलं की बांधावर बसून तासभर बोलणं होतं. मग पाण्याचा हिशेब शेतातच करावा. पाइपच्या तोंडाशी २०० लिटरचा बॅरल ठेवून भरायला किती सेकंद लागतात ते पाहावं. समजा १६ सेकंद लागले, तर तासाला ४५,००० लिटर. एका एकरावर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४०,५०० लिटर. म्हणजे सात तासांच्या पाळीत पावणेआठ सेंटिमीटर पाणी बसलं. पंचवीस पाळ्या झाल्या तर जवळजवळ १९५ सेंटिमीटर. हे पावसाव्यतिरिक्त, आणि कोल्हापूर शहरात वर्षाचा पाऊस साधारण १०० सेंटिमीटरच्या आसपास असतो, हे शेजारी लिहावं.

त्यानंतर ‘का’ विचारायचं. रात्रीची वीज असेल तर माणूस मोटर चालू करून घरी येतो आणि पाणी सकाळपर्यंत वाहतं. उसाला कारखाना ठरलेला, एफआरपीचा (सरकारने ठरवलेला उसाचा किमान) दर ठरलेला. भाजीपाल्याला तसं काही नाही. शिरोळ तालुक्यात क्षारपड (क्षार वर येऊन नापीक) झालेल्या जमिनी पाहिल्या की जादा पाण्याची किंमत कळते. पण ती किंमत आज पाणी देणाऱ्याला आज मोजावी लागत नाही, म्हणून तो आपली पद्धत बदलत नाही. हे समजणं म्हणजेच शाश्वत विकासातला अवघड भाग समजणं.

पाचटाचंही तसंच. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत ठेवलं तर ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, हे शेतकऱ्यालाही माहीत असतं. तरी तो जाळतो, कारण उंदरांची भीती, खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा येणाऱ्या उसाच्या) फुटव्याची काळजी आणि पसरायला लागणारी मजुरी. या तीन कारणांपैकी कोणतं पैशाने सुटतं आणि कोणतं माहितीने, हे गटाने वेगळं करून लिहावं.

गुऱ्हाळाची भेट सकाळी ठेवावी, चुलवाण पेटलेलं असताना. चिपाड (रस काढून उरलेला ऊस) हेच इंधन, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढण्याची जुनी रीत, शंभर किलो उसामागे दहा-बारा किलो गूळ. इथे मोजायचं ते एका आधणाला (काहिलीच्या एका खेपेला) किती चिपाड लागतं आणि ते किती वाळलेलं आहे. ओलं चिपाड धूर करतं, मग आच टिकवायला टायरचे तुकडे टाकण्याचा मोह होतो. उपाय कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी चिपाड वाळवायला जागा आहे का, ते पाहावं. गुळव्याचं (गूळ करणाऱ्या कारागिराचं) ऐकावं, मध्येच शिकवायला जाऊ नये.

हिशेब

एका मोठ्या कागदावर तीन रकाने : निसर्ग, पैसा, माणसं. आडव्या ओळी तीन : आज, दहा वर्षांनी, पुढची पिढी. एकूण नऊ चौकटी. प्रत्येक चौकटीत एक तरी मोजलेली किंवा कुणीतरी प्रत्यक्ष सांगितलेली गोष्ट हवी. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होतो’ असं वाक्य आलं की ते खोडायचं. किती, कुठे, कुणाचा, ते लिहायचं.

पंख्यांचंच पाहा. समजा युनिट १० रुपयांना पडतं, म्हणजे पंख्यामागे वर्षाला ५४० रुपये वाचतात. पंखा २,७०० रुपयांचा असेल तर पाच वर्षांत पैसे फिटतात. तिसऱ्या रकान्यात मात्र गट अडकतात : काढलेले तीनशे पंखे कुठे गेले? भंगारात गेले की कमी तास वापर असलेल्या एखाद्या शाळेला दिले? आणि वायरमनने नवीन पंख्याची दुरुस्ती शिकली आहे का? ती शिकली नसेल तर दोन वर्षांत निम्मे पंखे बंद पडून भिंतीला टेकलेले दिसतील.

संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं (२०१५ साली ठरलेली, २०३० ची मुदत) इथे आणावीत, पहिल्या तासाला पाठ करून घेऊ नयेत. गटाने आपल्या निर्णयाने पुढे जाणारी जास्तीत जास्त तीन उद्दिष्टं सांगावीत, आणि एक असं सांगावं ज्याला त्याच निर्णयाने धक्का बसतो. सांडपाणी शेताकडे वळवलं तर स्वच्छ पाण्याच्या उद्दिष्टाला मदत होईल, पण त्यावर वाढलेली पालेभाजी खाणाऱ्याच्या आरोग्याचं काय?

सुनावणी

दोन तासांची सलग वेळ लागते. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच बाजूला उभा राहतो. ऊस उत्पादक, पाणी संस्थेचे सचिव, महापालिकेचा अभियंता, कारखान्याचा केमिस्ट, नदीवर जगणारा भोई, खालच्या गावातली घर चालवणारी बाई, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी. आणखी एक भूमिका हवी : २०५० साली हीच जमीन कसणारी व्यक्ती. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या करताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा न आणता आजच्या गरजा भागवणं असं म्हटलं. ती पुढची पिढी वर्गात बोलताना दिसली की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

प्रत्येकाला चार मिनिटं. स्वतः मोजलेला किमान एक आकडा सांगणं बंधनकारक. त्यानंतर चाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं. शेवटची वीस मिनिटं तीन जणांच्या पंचमंडळाची, ज्यांनी निर्णय, त्याचा खर्च आणि तो कोण देणार हे फळ्यावर लिहायचं. बिघाड होतो तो बहुधा इथे : सगळे जण गोड बोलून ‘सर्वांनी मिळून प्रयत्न करावेत’ यावर एकमत करतात. शिक्षकाने असा निर्णय परत पाठवावा आणि विचारावं, सोमवारी सकाळी नेमकं कोण काय करणार?

गुण आणि पत्र

पन्नास गुणांची विभागणी अशी करता येते : कच्ची नोंदवही १५, मोजमापाची अचूकता १०, हिशेबाचा कागद १०, सुनावणी १०, पत्र ५. नोंदवहीला सर्वांत जास्त गुण मुद्दाम दिले आहेत. खाडाखोड, पावसाचा डाग, घाईत लिहिलेली वेळ हे सगळं असलेली वही खरी असते. सुवाच्य अक्षरात नंतर उतरवलेल्या वहीला गुण कमी. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुरतो : ‘हा आकडा दुप्पट आला असता, तर तुमचा निर्णय बदलला असता का?’ ज्याने स्वतः काम केलं आहे तो क्षणभर थांबून उत्तर देतो.

पत्र एका पानाचं, मराठीत, सही-शिक्क्यासह. पहिल्या परिच्छेदात ठिकाण, तारखा आणि आकडे. दुसऱ्यात एकच मागणी. पोच घ्यावी आणि ती नोंदवहीत चिकटवावी. विद्यार्थ्यांची मोजमापं शिकण्यासाठीची असतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल नसतो, हे पत्रात स्पष्ट लिहावं आणि पुढील तपासणीची विनंती करावी. आरोप करू नये. कुणा कारखान्याचं नाव घ्यायचं तर अधिकृत नमुन्याशिवाय घेऊ नये.

सगळ्या वह्या, ठिकाणांचे फोटो (एकाच दगडावर उभं राहून, एकाच दिशेला काढलेले) आणि थायोसल्फेटच्या तपासणीची नोंद एका खोक्यात घालून विभागात ठेवावी. खोक्यावर ठिकाण, महिना आणि वेळ लिहावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीने पहिली फेरी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी, त्याच वेळेला करावी आणि आपले आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत.